फ्रेनो

दोनदा मी तिच्या प्लास्टिकच्या वहाणांना डाग दिला,
सुरी चुलीवर लाल करून.
जळका वास घरभर, आणि माझं तोंड सुरू:
सहा वर्षांची पोर तू, टाचा अशा झिजतातच कशा?
दगड खातेस का पायांनी?
विंता खाली बघत राहिली.
ब्र काढला नाही.

तिसऱ्यांदा डावी वहाण अंगठ्यापाशी फाटली,
त्याच दिवशी पाव घेऊन येताना
मी तिला कारंज्याच्या उतारावर पाहिलं.
तीन चुलतभावांनी आधी दामटलेली हिरवी सायकल
सुसाट खाली येत होती
आणि पोरीचे दोन्ही पाय जमिनीवर,
खर्रर्र,
ठिणग्या तेवढ्या उडायच्या राहिल्या होत्या.

घरी सायकल उलटी केली. दांडी दाबली.
एका बाजूला नखाएवढं काळं काहीतरी,
दुसरीकडे नुसता पत्रा,
आणि रिमवर त्या पत्र्याने ओढलेली
चकचकीत, गोल, न संपणारी रेघ.

सांगितलं का नाहीस?
"तू सायकल काढून घेतली असतीस."

असतीच घेतली.

जोडे तर मीही झिजवलेत या वर्षी,
एका कचेरीच्या जिन्यावर,
तिच्या बापाला रजा कधी, एवढंच विचारायला.
तो खाली असाबला, समुद्राकाठी.
आमचं अस्मारा पठारावर, ढग पायथ्याशी दिसतात;
इथून निघालेला प्रत्येक रस्ता उतरतच जातो.

मेदेबेरच्या बाजारात नेहमीची ठोकाठोक.
पिंपांच्या शेगड्या होतात तिथे, शेगड्यांची कुलपं.
म्हाताऱ्या गेरेझगिहेरने ट्रकच्या टायरचा तुकडा उचलला,
कानाशी नेऊन वाकवला.
"फ्रेनो कोणाला?"
पोरीला.
"केवढी?"
मी कमरेपाशी हात धरला.
"उंची नको. वजन सांग."
तेफच्या अर्ध्या पोत्याएवढी, मी म्हटलं, जेवली तर.
त्याने हातातला तुकडा टाकला, दुसरा शोधला.
"कडक रबर मोठ्यांना. हिच्या बोटांचं ऐकेल असं मऊ हवं."
चार कापले, पैसे तीनचे घेतले,
चौथ्याचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

रात्री वीज नव्हती. मेणबत्ती, दहाचा पाना,
शेजारच्या अब्रेहेतकडून वाटीभर तेल.
नट हलेना. तेल सोडलं, थांबलो,
पुन्हा तेल, पुन्हा थांबलो,
आणि तो एकदम असा सुटला की माझी बोटं सोलली.
रबर अंमळ तिरपं बसवायचं असतं,
पुढचं टोक आधी टेकेल असं,
नाहीतर ते अख्ख्या गल्लीला उठवतं.
हे मला त्याच्याकडून माहीत. तो बसवताना
मी शेजारी भाजी निवडत असे, बघत नसे म्हणे.
तार ताणून धरायला तिसरा हात लागतो.
विंताने दातांत जीभ धरून पक्कड पकडली,
सोडली नाही, मी सोड म्हणेपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडा वेळ.
शेवटी दांडीचा बारका स्क्रू आत घेतला,
तिच्या करंगळीलाही ती गाठता यावी इतका.

सकाळी तोच उतार, रस्ता रिकामा.
खाली मी, नेत्सेलाच्या टोकाला गाठ मारत.
विजेच्या तिसऱ्या खांबाशी दाब, असं ठरलं होतं.
ती सुटली.
तिसरा खांब गेला.
चौथा.

मग एक लांब, ओलसर सुस्कारा
आणि सायकल माझ्यापासून दोन हातांवर उभी.
"ऐकतं हे!" ती ओरडली,
जणू मी तिथे नव्हतेच.

मी तिचे पाय पाहिले.
दोन्ही खाली, बोटं आत वळलेली,
टाचा रस्त्यात रोवलेल्या.

संध्याकाळी सुरी पुन्हा तापवावी लागणार.