लोखंड चालू

लोक मला सोन्यासाठी बोलावतात.
वाशीच्या बागेत निसटलेली अंगठी,
सानपाड्याला लग्नाच्या हॉलमागे कुणाचं कानातलं
(ते गाडीच्या चटईखालीच होतं. मी अर्धेच पैसे घेतले.)
म्हणून माझं यंत्र कायम एकाच घडीला बसलेलं:
लोखंड बंद.
खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं
जमिनीत असून नसल्यासारखी.

घणसोलीची नामीबाय मढवी म्हणाली,
"मना लोखंडच पायजे."

बापाचा खुंटा. होडी बांधायचा.
हातभर लांब, माथ्याला कडी.
खाडी तेव्हा कुठवर यायची
यावरून तिचं आणि नातवाचं वाजलेलं.
नातू मोबाइलवर जुना नकाशा दाखवतो,
त्यात तिचं अंगण पाण्यात आहे.
"नकाशावाला भरतीला आलता," ती म्हणते.

तिवरांच्या अलीकडे, भरावाच्या पायथ्याशी
बटण दाबलं. लोखंड चालू.
आणि जमीन एकदम बोलायला लागली.
सळ्यांचे तुकडे, पत्रा, वेल्डिंगच्या कांड्यांची थोटकं,
शहर बांधताना जे जे हातातून पडलं ते सगळं,
लग्नघरात साऱ्या आत्यांनी एकदम तोंड उघडावं तसं.

संवेदना वाढवली. अठरा. वीस. बावीस.
वाटलं, खोल जाईल.
डोक्यावरून टॉवरच्या तारा गेलेल्या,
त्यांची गुणगुण यंत्रात उतरली,
नुसतं हवेत धरलं तरी वाजायचं.
मग उलटा आलो. सतरा. चौदा. अकरा.
कमी ऐकायचं ठरवलं
तेव्हा कुठे तारा गप्प झाल्या
आणि खालचं खालून यायला लागलं.
हे पुस्तिकेत आहे, पान नऊ.
मला पटायला सहा वर्षं लागली.

मग चिखलाचं मीठ.
ओला खारा चिखल स्वतःच धातूसारखा वागतो,
म्हणून मोकळ्या जागी चकती वर-खाली, वर-खाली,
तान्ह्याला जोजवल्यासारखी,
यंत्राला शिकवायचं: हे मीठ, ही जमीन,
हिला आवाज नाही असं समज.
नामीबाय बघत होती.
"मिठाला आवाज नाय? आमचे घरान येऊन ऐकाचा व्हता."

तरी दर दुसऱ्या पावलाला टुण्‌.
उजवा पाय पुढे, की टुण्‌.
मी आकडे फिरवत राहिलो.
तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं,
कारखान्यातले, पुढे पोलादी टोप.
"पायान लोखंड घालून लोखंड शोधतंस?"
मी बूट काढले.
तिनं न सांगता जोडवी काढली
आणि माझ्याच बुटात ठेवली.

अनवाणी, सावकाश, चकती जमिनीला लावून,
प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत.
अडीचला पाणी फिरणार होतं.
दोनला आवाज आला,
खर्जातला, रुंद, दोन्ही बाजूंनी सारखा.

खणलं. वीतभर. हातभर.
खुंटा नव्हता.
काळ्या चिखलात तांबड्या चिखलाची
एक उभी रेघ, मनगटाएवढी जाड.
मुठीत घेतली, फुटली.
चकतीखाली धरली, गप्प.
इतकी वर्षं गंज भोवतीच्या मातीत उतरत राहतो,
हात लागेपर्यंत ती माती लोखंडाची साक्ष देते,
खणलं की नाही.
हे तिला कसं सांगावं, मी जुळवत होतो,

तोवर ती खड्ड्याला पाठ करून उभी राहिली
आणि चालायला लागली. मोजत.
अकरा, बारा. भरावावर चढली. एकोणीस.
सोसायटीच्या कुंपणाशी थांबून
हात जाळीतून आत घातला, कोपरापर्यंत.
"हितं उंबरा," म्हणाली
आतल्या वॉचमनला.
त्यानं रजिस्टर पुढे केलं.

मी वहीत लिहिलं:
संवेदना अकरा, लोखंड चालू, मीठ वजा.
उद्या नेरूळला कुणाची तरी नथ आहे.
बूट चढवताना अंगठ्याला काही टोचलं.
हाक मारली,
तर ती अजून वॉचमनला नाव सांगत होती,
बापाचं.