शिरोड्यात, गाडीखाली

दोन नट सुटले. तिसरा सुटत नाही.
स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली मी उताणा,
पाठीखाली सिमेंटच्या गोणीचा कागद.
पाना फिरवला की तोंडावर गंजाची पूड,
चव लोखंडाची, आणि थोडी मिठाची.
जुवारीचं वारं इथवर येतं,
माडांना काही करत नाही,
सायलेन्सर मात्र आतून खात राहतं.

गाडी माझी नाही. सगुणची, धाकट्याची.
दोन दारं, दोन सीटं, पोट जमिनीला टेकलेलं.
आमच्या वळणावरचा गतिरोधक
ती तिरकी होऊनच ओलांडते,
सोवळ्यातून वाट काढल्यासारखी.
सगुण नऊ महिने जहाजावर.
उरलेल्या तिनांत तो तिला धुतो.
आठवड्यातून एकदा मी सुरू करायची, असं ठरलं होतं.
या वर्षी केली नाही.
कारण विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

"चिऱ्यांवर ठेवली नाहीस ना?" बाबा, पडवीतून, तिसऱ्यांदा.
जन्मभर त्यांनी खाणीत चिरे काढले.
चिऱ्यावर घर उभं राहतं, गाडी नाही,
चिरा सांगून फुटत नाही, म्हणतात.
म्हणून हे लोखंडी स्टँड, रुझारच्या गॅरेजमधले,
परत देताना सोबत एक फणस, कापा, या बोलीवर.

तिसऱ्या नटाला काल रात्री तेल सोडलं,
सकाळी पुन्हा,
मग पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाकून ज्योत दिली.
पान्यावर दोन्ही हात, पाय चाकाला.
करकरला. वाटलं, सुटला.
तुटला.
दोन शब्दांत एका अक्षराचा फरक,
गाडीखाली अख्ख्या दुपारचा.

ड्रिल. बिट मोडलं. दुसरं बिट.
रबरी कड्या निघेनात, त्यांना खोबरेल लावलं,
आईच्या फणीपेटीतली बाटली, तिला न सांगता.
आणि मग एकदम सगळा पाइप छातीवर आला,
झोपलेल्या पोरासारखा जड.

अंगणात उभा करून झटकला.
लाल माती पडली. चहाच्या रंगाचं पाणी पडलं.
शेवटी मातीचं एक घर, अंगठ्याएवढं,
कुंभारणीनं बांधलेलं, भोक पडलेलं, रिकामं.
म्हणजे इथे कुणीतरी पोरं वाढवून गेलं,
मी चावी खिळ्याला टांगून ठेवली होती तेवढ्यात.

"आवाज मोठा नको, दादा, खोल हवा," सगुण फोनवर म्हणाला होता.
खोल म्हणजे किती, मी विचारलं.
"बोरीच्या पुलाखालून भरलेली बार्ज जायची, तसा."
ते मापाचं नाही, हे दुकानदाराला काय सांगणार?
म्हापशाच्या दुकानात दोन होते.
मी हातात धरून जड तो घेतला.

नवा पाइप चढला. नवं गॅस्केट, नवे बोल्ट,
जोडांवर साबणाचं पाणी.
सुरू केली.
एका जोडाला बुडबुडे आले, अर्धा आटा दिला, गेले.
मग धूर निघाला आणि मी घाबरलो,
पण ते माझेच हात जळत होते,
स्टीलवर राहिलेले तेलकट ठसे, एकेक रेघ तपकिरी होत.
पुसून घ्यायचे असतात आधी, रुझार नंतर म्हणाला.
आता जात नाहीत.

सगुणला व्हिडिओ लावला, फोन नळीच्या तोंडाशी धरला.
तो इंजिनरूममध्ये, कानांवर मोठ्ठे डबे.
"ऐकलंस?"
"काय?"
"ऐकलंस का!"
त्याचं हसणं अर्ध्यात थिजलं, मग चौकटी चौकटी झालं,
मग नुसतं गोल फिरणारं चक्र.

पडवीतून बाबा म्हणाले, "कुणाचा टिप्पर आला रे?"

गाडी खाली घेतली. हात रॉकेलनं धुतले.
करवंटीत नट-बोल्ट ठेवले होते, ती उचलली
तर तळाशी एक वॉशर.
कुठला, ते आठवत नाही.