चारशे नऊ

मानोऱ्याच्या एसटी थांब्यामागं, कुटाराच्या ढिगाशेजारी
माझं सेवा केंद्र: एक संगणक, एक प्रिंटर,
अंगठ्याचं यंत्र, आणि बोटं पुसायला जुना दुपट्टा.
आकडे मला इथंच कळत गेले.

चारशे चार म्हणजे
विचारलेलं घर या गावात नाही.
चारशे तीन म्हणजे घर आहे, आत माणसंही आहेत,
पण कडी तुझ्यासाठी निघणार नाही.
पाचशे आला की मी शटर अर्धं ओढतो
आणि शेंगा खायला जातो. त्यात आपला दोष नसतो.

चारशे नऊ क्वचितच येतो.

मंगळवारी मयूरी आली, सकाळच्या दारव्हा गाडीनं,
पोरगी खांद्यावर झोपलेली.
"मले रेशनकार्डावरून नाव कटवाचं हाय. माह्यं."
कारण मी विचारत नाही, ते अर्जच विचारतो,
यादीतून निवडायचं असतं.
तिनं "इतर" निवडलं.
पंचवीस रुपये आधीच टेबलावर मोजून ठेवले.

बटण दाबलं. चाक फिरलं. चारशे नऊ.

"काहून अडकलं, भाऊ?"
म्हटलं, हा नकार नाही.
अर्ज बरोबर आहे, हक्कही तुमचा आहे.
फक्त जे पान समोर धरून तुम्ही लिहीत होता
ते लिहिता लिहिता जुनं झालं.
तेवढ्यात कुणीतरी त्याच कार्डाला हात लावला.
"कोनं?"
मशीन नाव सांगत नाही.
कोण खरं, कोण खोटं, आधी कोण रुसलं,
त्याला देणंघेणं नाही.
ते एवढंच म्हणतं: ताजं पान उघडा, वाचा,
मग ठरवा.

ती अंगठ्याच्या यंत्राचा लाल दिवा बघत राहिली.
"बुटीबोरीले रातपाळी असते त्याची.
या टायमाले झोपते तो."
आणि मग, हळू:
"म्हंजे आत्ता जागा हाय?"

अकरा महिने दोघांत फोन नाही.
निरोप जातात ते भावाकडून, वकिलाकडून,
एकदा तर दूधवाल्याकडून.
आणि आज एकाच मिनिटाला, एकाच कार्डावर
दोघांची बोटं.

मी पान ताजं केलं.
तिचं नाव होतं तिथंच होतं.
खाली एक नवी ओळ आलेली:
मैना गजेंद्र इंगोले, मुलगी, वय एक.

"मैना तं मी म्हनत होती," ती म्हणाली.
"त्याले नव्हतं आवडत. म्हने, म्हाताऱ्या बायाइचं नाव."

पुन्हा पाठवू का, विचारलं.
ती उठली. पोरीची एक चप्पल टेबलाखाली गेली होती,
ती वाकून काढली, पिशवीत टाकली.
"थांबा जरासं."
बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली,
फोन हातात, बंदच.

पंचवीस रुपये ठेवायचे की परत द्यायचे
मला कळेना.
संध्याकाळी वही लिहिताना शेऱ्याच्या रकान्यात
"झाले" लिहिलं नाही,
"नाही झाले" हेही नाही.
आकडाच लिहिला.