दारावर

मिल बंद झाली, तरी माझ्या कानांत
दोनशे साचे चालूच राहिले.
बायको म्हणायची, हळू बोला, घर आहे हे, खातं नाही.

मग सभेच्या हॉलवर काम लागलं. एक स्टूल,
पासांचा गठ्ठा, आणि दार.
आत गाणं. बाहेर मी.

पहिलं वर्षभर वाटायचं
या लोकांचं काहीतरी अडकलंय.
तास तास एकाच ओळीवर माणूस,
धोटा अडकावा तसा.
यांच्याकडे जॉबर नाही का कोणी?
मी पास मोजायचो, जांभया मोजायचो,
तबल्याचे ठोके मोजायचो सोळापर्यंत
आणि अकरा-बारालाच हिशेब चुकायचा.

रिसबूडबाई सगळ्यांच्या आधी यायच्या,
स्नेहलतागंजहून, टेम्पोने,
पायात कापडी बूट, पिशवीत स्वेटर.
अजून तंबोरेच लागतायत, मी म्हणालो, गाण्याला वेळ आहे.
त्याच्यासाठीच येते, त्या म्हणाल्या.
तुम्हीही बसा. दार कोण पळवून नेतंय?

बसलो.
एक पोरगा खुंटी पिळत होता,
घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होता.
दोरा तर माझ्या ओळखीचा,
तीस वर्षं त्याच्यावरच काढलेली.
इथे आवाज बोथट. इथेही.
जरा पुढे, आणि एकदम उघडला,
आणि त्या चार तारांच्या वर कुठेतरी
पाचवाच कोणी बोलायला लागला
ज्याला कोणी छेडलंच नव्हतं.

हा कुठून आला?
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, गंधार.
मला सहा वर्षं लागली होती.

मी सांगितलं त्यांना, त्या सगळ्या गदारोळात
एका साच्याचा ठोका केसभर मागे पडला
तर डोळे मिटून त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचो.
मग कान आहेच की तुम्हाला, त्या म्हणाल्या,
फक्त आजवर तो बिघाड शोधत आला.

त्या रात्री सायकलवरून
पाटनीपुऱ्याचं वळण सोडून पुढे गेलो.

लगेच कळायला लागलं असं नाही.
पुष्कळदा अजूनही नुसताच बसतो.
पण एका संध्याकाळी मारवा होता.
बुवा षड्जाच्या आसपास फिरत राहिले,
टेकेनातच,
आणि मला मिलचं फाटक दिसलं,
आम्ही सगळे डबे घेऊन उभे,
आता भोंगा होईल म्हणून.
बुवा शेवटी आले षड्जावर.
भोंगा झाला नव्हता.
स्टुलाची कड माझ्या हातात रुतली होती.

दोन हिवाळे झाले, रिसबूडबाई येत नाहीत.
तंबोरे लागताना मी आतला दिवा लावत नाही.

काल छप्पनवरून कचोरी खाऊन
कोणी एक उशिरा आला, दार ढकलायला लागला,
भिया, खोलो ना, पास है अपने पास.
मी बोट वर केलं. थांबा.
मोजत नव्हतो. येत होतं ते,
पायाखालून, फरशीतून.
आत सम पडली
आणि मी दार उघडलं.