पिलू वेगळं करताना

घाई नको, खिलारेबाई.
मुळं तीन बोटं लांब झाल्याशिवाय कापायचं नाही.
बोटं माझी धरा. तुमची बारीक आहेत,
शीर शोधणारी.

हे डेन्ड्रोबियम. पुढचं नाव मांजरीच्या नर्सरीवाल्यानं
कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद कुंडीखाली कुजला.
आमची ही त्याला नुसतं 'जांभळं' म्हणायची.

माती अजिबात नको.
माती म्हणजे त्याच्या तोंडावर उशी.
कोळसा आणा, इस्त्रीवाल्याकडून, न पेटवलेला.
विटांचे तुकडे. नारळाची सोडणं,
भिजवायची, पाणी ओतायचं, परत भिजवायची,
तांबडं यायचं थांबेपर्यंत.
कुंडीला भोकं मी पाडून ठेवलीत, आठ एमएमची.
भोसरीत बत्तीस वर्षं दुसरं केलंय काय.

पाणी मुळांना विचारून घालायचं.
चांदीसारखी दिसली की तहान,
हिरवी दिसली की पोट भरलेलं.
मी वार ठरवले होते, सोम-बुध-शनि,
हिच्या गोळ्यांच्या डबीसारखे.
पहिली दोन झाडं त्या शिस्तीनं गेली.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवा.
गुरुवारी नळ बंद, म्हणून बुधवारीच भरा;
पण तुमच्या धायरीला टँकर, नाही का?
टँकरचं नको. बोअरचं असतं, मुळांवर पांढरा थर धरतो.
शेजाऱ्यांच्या एसीचं ठिबकतं, ते मागून घ्या.
हसतील. हसू देत.

एप्रिल वाईट.
पुण्याची दुपार तेव्हा तळहातावर मोडेल इतकी कोरडी.
ताटलीत खडी, खडीत पाणी, वर कुंडी,
बूड मात्र पाण्याला टेकता कामा नये.
हिच्या उशाशी वाफेचं यंत्र चालायचं
तेव्हा खिडकीतलं जांभळं तरारून आलं होतं.
हे मी कुणाला बोललो नव्हतो.

दिवाळीनंतर त्याला उपाशी ठेवायचं असतं.
खत बंद. पाणी अर्ध्यावर.
थंडीत थोडे हाल झाले तरच फूल.
मला नाही जमलं.
त्या डिसेंबरात दर दोन तासांनी उठायचो,
तुमची रात्रपाळी असली तरी,
आणि करण्यासारखं काही नसलं
की जांभळ्याला पाणी घालायचो.
मग डोळ्यातून फूल यायचं ते हे पिलू आलं.
"चुकलं तुमचं," ही म्हणाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली, "असू दे."

आणि ही वाळकी कांडी, पान नसलेली, सुरकुतलेली,
हिला हात लावू नका.
मी कात्री घेऊन निघालो होतो, हिनंच मनगट धरलं.
साठवलेलं सगळं अजून आत आहे,
नवा कोंब त्यावरच वाढतो.
दाबून बघा. पोकळ लागली तरच काढायची.

ब्लेड गॅसवर लाल करायचं.
ते मी तुम्हाला काय शिकवणार.
जखमेवर दालचिनीची पूड, जखमेवरच,
मुळांना लागली तर मुळं सुकतात.
मग सुती दोऱ्यानं काडीला बांधा, हलू देऊ नका.
आमचे मेहुणे याला बांडगूळ म्हणतात.
थकलो सांगून: झाडावर बसतं,
झाडाचं खात नाही.

पिलू आपण म्हणतो, पण हे तिचं पोर नव्हे.
बी नाही, दुसरं कुणी मिसळलेलं नाही.
तेच झाड आहे हे, दुसऱ्या कुंडीत.
फुलायला दोन वर्षं लागतील.
रंग विचारू नका, ठाऊक आहे.

किल्ली राहू दे टेबलावर.
दोन्ही हात पुढे करा.
थांबा,
एक मूळ अजून जुन्या कांडीला धरून आहे.