काचेच्या बुडाची बादली

नदीचं नाव लिहायचं नाही,
फॉर्मवर तसं छापलेलंच आहे.
म्हणून इथेही लिहीत नाही.
स्कॉटलंडच्या वरच्या अंगाला, एवढं पुरे.

डंकन मॅकफी प्रवाहात ओणवा,
मांड्यांपर्यंत रबरी बूट, तोंड बादलीत.
बादलीला बूड काचेचं. बापाच्या हातचं काम,
कडेनं डांबराचा जुना ओघळ.
याच काचेतून बाप मोती हुडकायचा.
शंभर शिंपले फोडावेत तेव्हा एखादा, वाटाण्याएवढा;
उरलेले काठावर, कावळ्यांना.
"उन्हाळाभर आमच्या तंबूमागे ढीग चमकायचा,"
तो म्हणतो, आणि पुढचं बोलत नाही.

मी काठावर. पेन्सिल, ओलसर कागद.
मीटरभर चौकट पाण्यात टाकायची,
तो आतून आकडा ओरडतो, मी रेघा ओढते:
चार उभ्या, एक आडवी.
त्याचा आवाज बादलीत घुमतो,
विहिरीत उतरलेल्या माणसानं हाक द्यावी तसा.

एकशे बारा.
गेल्या वर्षीही एकशे बारा.
मी खूश. नवी होते ना.

त्यानं एक उचलून माझ्या तळव्यावर ठेवला.
काळा, जड, बिजागरीपाशी झिजून पांढरा.
"हा माझ्या आजीच्या वयाचा. शेजारचाही. सगळेच.
यांच्यात पोर कुठाय?"

मग दुपारभर आम्ही रेती चाळली.
पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना धरून हिंडतात,
मग गळून पडतात, वर्षानुवर्षं खड्यांखाली दडतात,
आणि यंदा सामन मासा पाहिलाय कुणी?
चाळणीत खडे. अळ्या.
बाटलीचा एक हिरवा तुकडा,
त्यानं क्षणभर फसवलं.

रकाना सातवा: साठ मिलिमीटरहून लहान.
मी शून्य काढलं.
डंकन खांद्यावरून वाकून म्हणाला,
"जरा मोठं काढ. ऑफिसात दिसलं पाहिजे."

मग तो आजीच्या वयाचा शिंपला घेऊन पुन्हा पाण्यात शिरला,
त्याच खाचेत, त्याच अंगानं,
अर्धा रेतीत, अर्धा वर,
अंगठ्यानं दाबून बसवला. थोडा वेळ थांबला.

चाळणी धुताना मी विचारलं,
"मोठा मोती सापडला होता कधी?"
"बापाला. एकदाच.
त्यातून मला बूट आले."
थर्मासचं झाकण त्यानं घट्ट फिरवलं.
"चांगले होते. दोन हिवाळे टिकले."