खुरावरची रेघ

आधी खूर नाही बघायचा, टेसा.
आधी लांब जा, त्या गंजलेल्या पाण्याच्या टाकीपाशी,
आणि अख्खा गोऱ्हा एकदम बघ
परीक्षक बघेल तसा,
ज्याला तुझं नावही ठाऊक नसेल.

पाठ सपाट. पुठ्ठा भरत आलाय.
बरगडीवर तीन बोटं दाबून बघ:
मऊ लागतंय, पण लोण्यासारखं नाही अजून.
असू दे. जत्रेला सात आठवडे आहेत.
मान काळीभोर, तू घासून घासून चकाकवलेली,
कपाळावर नाण्याएवढा पांढरा ठिपका,
म्हणून निकल. कळलं.
नावाला गुण मिळत नाहीत.

आता चालव.
मोरकी ओढू नकोस, सैल सोड,
येईल तसा येऊ दे तुझ्यामागं.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे,
गोऱ्ह्याचे ओल्या वाळूत.
पुढच्या खुराचा ठसा बघ,
मागचा त्यातच पडायला हवा.
चार बोटं मागं राहतोय.
घाबरू नकोस, हाडात खोट नाही.
नखं वाढलीत. थोरल्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखा
टाचेवर रेलून चालतोय बिचारा.

हाड वाकडं असतं तर मी काही करू शकलो नसतो.
चाळीस वर्षं लूप नदीच्या दोन्ही काठांवर
किती बापांनी मला बाजूला घेऊन विचारलं,
मिस्टर निगार्ड, जरा सरळ करता येईल का?
मी नखं कापतो, म्हणायचो. बाकीचं वरच्याकडे मागा.

टेबल कलायला लागलं की सगळेच डोळे पांढरे करतात.
पट्टा पोटाखालून, एक छातीशी,
यंत्र कण्हतं, आणि अकराशे पौंडांचं जनावर
आडवं, चारी पाय हवेत,
त्यांचं काय करायचं हेच त्याला सुचत नाही.
तू डोक्यापाशी थांब. बोल काहीतरी. काहीही.

ती त्याच्या कानात रोजचा खुराक मोजते.
मका इतका, ओट इतके, गवत पोटभर.
हातात बापाचे मोजे, बोटांची टोकं रिकामी लोंबणारी.

चिमट्यानं टोक उडवतो.
पहिली चंद्रकोर खाली पडायच्या आत
त्यांचा कुत्रा ती पळवून ट्रकखाली जातो.
आता सुरी, तळव्यावरून, बेतानं,
गुलाबी दिसायच्या आधी थांबायचं असतं.
टाचेला हात लावत नाही. तिथं आधीच कमी आहे.

आणि मग ती रेघ.
केसांच्या खाली, अंगठ्याएवढ्या अंतरावर,
चारही खुरांना सारखीच,
मेणात नख ओढल्यासारखी.
नख महिन्याला गव्हाच्या दाण्याएवढं उतरतं.
मी मनात मोजतो, आणि नको ते बोलून जातो:
फेब्रुवारीत कुणीतरी याला मका फार घातला.

खुराक मोजणं थांबतं.

मीच, ती म्हणते.
बाबा ओमाहाच्या दवाखान्यात होते.
मला वाटलं, परत येतील तेव्हा
हा भरलेला दिसावा.

मी सुरी पुसतो. पुसलेलीच पुन्हा पुसतो.
लंगडला नाही ना, म्हणतो. मग झालं.
तापाची रेघ आहे, सगळ्यांच्या असते एखादी.

ही जाईल का?

उतरत उतरत जमिनीला लागेल, आणि झिजेल.
कधी?

पुढच्या एप्रिलात, असं मी म्हणत नाही.
जत्रेनंतरच्या सोमवारी ट्रक येतो
हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे.
घासून काळं तेल लावलंस तर दिसायची नाही, म्हणतो,
आणि टेबल उभं करतो.

निकल क्षणभर तसाच,
जमीन परत मिळाल्याचा विश्वास न बसलेला.
मग ती निघते. मोरकी सैल.
मी पैसे मोजायच्या निमित्तानं खाली बघत राहतो:
ओल्या वाळूत ठसा, ठशात ठसा,
आणि शेजारी तिच्या बुटांचे,
कुंपणापर्यंत.